छोटी मालवाहू गाडी आणि तिचा विमा : मालकाने स्वतःला विचारायचे चार प्रश्न

रात्री साडेनऊला फोन येतो. सिलतऱ्याच्या एका रोलिंग मिलमधली मोटर जळली आहे. ती रातोरात नागपूरला पोचवायची आहे, कारण मिल बंद म्हणजे दर तासाला नुकसान. मोठा ट्रक भरायला वेळ लागतो आणि एका मोटरीसाठी तो परवडतही नाही. मग तुमच्यासारख्या 'छोटा हत्ती'वाल्याची आठवण होते. तुम्ही ब्राह्मणपाऱ्याच्या गल्लीतून गाडी काढता, माल चढवता आणि दुर्ग, राजनांदगाव, देवरी, भंडारा करत सकाळी नागपुरात पोचता. भाडे नेहमीपेक्षा बरे मिळते, कारण माल तातडीचा असतो.

अमेरिकेत पिकअपच्या मागे ट्रेलर जोडून अशी तातडीची छोटी भाडी मारतात. तिथे या धंद्याला 'हॉट शॉट' म्हणतात. आपल्याकडे त्याला वेगळे नाव नाही, पण धंदा तोच आहे. २००५ साली टाटा एस बाजारात आली आणि थोडे भांडवल व थोडे कर्ज यांवर मालवाहू गाडीचे मालक होणे अनेकांना जमू लागले. बचत गटातून, सोने गहाण ठेवून किंवा ठेव मोडून घेतलेल्या अशा गाड्या आज रायपुरात गुढियारीच्या घाऊक बाजारापासून उरल्याच्या कारखान्यांपर्यंत फिरताना दिसतात.

वाचकहो, ज्या फोनमुळे चांगले भाडे मिळते, त्याच फोनमुळे तुमची सर्वांत मोठी जोखीमही सुरू होते. रात्रीचा प्रवास, घाई, महागडा माल आणि सुमारे तीनशे किलोमीटरचा महामार्ग. 'विमा आहे ना' असे म्हणून आपण निघतो. पण तो विमा नेमका कशाचा आहे, हे पॉलिसी उघडून किती जणांनी वाचलेले असते? या पाठात आपण तेच वाचायला शिकणार आहोत.

घर आणि गाडी एकाच खिशात

गाडी तुमच्या नावावर असते आणि धंदाही तुमच्याच नावाने चालतो. याला एकल मालकी म्हणतात. यात धंद्याचे देणे आणि घरचे देणे यांच्यामध्ये भिंत नसते. न्यायालयाने गाडीच्या अपघातापोटी तुम्हाला रक्कम भरायला सांगितली, तर ती फक्त गाडी विकून वसूल होईल असे नाही. मुदत ठेव, घराचा हिस्सा, मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेले पैसे, या सगळ्यांवर त्या देण्याची सावली पडते.

म्हणून विम्याकडे 'आरटीओ आणि पोलीस यांच्यासाठी ठेवलेला कागद' म्हणून पाहू नका. तुमच्या बचतीभोवती घातलेले ते कुंपण आहे. कुंपणाला कुठे भगदाड आहे, हे तपासायला चार प्रश्न पुरतात :

१. माझ्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर?
२. माझ्या गाडीचे नुकसान झाले तर?
३. गाडीतल्या मालाचे नुकसान झाले तर?
४. मला किंवा माझ्या ड्रायव्हरला काही झाले तर?

पहिला प्रश्न : दुसऱ्याचे नुकसान

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो नसताना गाडी रस्त्यावर आणली तर कलम १९६ नुसार पहिल्या वेळी २,००० रुपये आणि पुढच्या वेळी ४,००० रुपये दंड होतो. तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. ती हिशेब मांडून पाहू.

समजा, तुमच्या गाडीची धडक बसून ३० वर्षांचा एक माणूस दगावला. तो स्वतःचे छोटे दुकान चालवून महिन्याला १५,००० रुपये कमवत होता आणि घरी चार माणसे त्याच्यावर अवलंबून होती. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई कशी काढते, ते सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांनी ठरवून दिले आहे.

वर्षाचे उत्पन्न : १,८०,०००
पुढे वाढू शकणाऱ्या कमाईसाठी ४० टक्के जोड : २,५२,०००
त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा : १,८९,०००
या वयासाठी १७ चा गुणक : १,८९,००० × १७ = ३२,१३,०००

अंत्यविधी वगैरे इतर बाबी आणि व्याज वेगळे. म्हणजे साध्या दुकानदाराच्या मृत्यूची भरपाई बत्तीस लाखांच्या पुढे जाते. तुमची सगळी ठेव, गाडी आणि दागिने मिळूनही ही रक्कम उभी राहणार नाही.

थर्ड पार्टी विमा ही रक्कम उचलतो. मृत्यू किंवा जखमेच्या भरपाईला त्यात वरची मर्यादा नसते. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानासाठी, म्हणजे कोणाची भिंत, दुकान किंवा गाडी यांसाठी, ७,५०,००० रुपयांपर्यंत संरक्षण असते. याचा हप्ता कंपनी मनाने ठरवत नाही, सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार, एकूण ७,५०० किलोपर्यंत वजनाच्या, भाड्याने माल नेणाऱ्या चारचाकी गाडीचा वर्षाचा हप्ता १६,०४९ रुपये आहे. कर वेगळा. नूतनीकरण करताना चालू दर विचारून घ्या. पण एवढे लक्षात ठेवा की हा दर सर्व कंपन्यांत सारखाच असतो. 'आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त आहे' असे कोणी म्हणाला, तर तो कागद खोटा असण्याची शक्यता धरून चला.

दुसरा प्रश्न : आपल्या गाडीचे नुकसान

थर्ड पार्टी विम्यातून तुमच्या गाडीसाठी एक रुपयाही मिळत नाही. त्यासाठी पॅकेज पॉलिसी लागते. तिच्यात थर्ड पार्टीबरोबर 'ओन डॅमेज' हा भाग असतो. अपघात, चोरी, आग, पूर यांतून होणारे नुकसान त्यात येते. या भागात तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, आयडीव्ही. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर जास्तीत जास्त किती रक्कम मिळेल, तो हा आकडा. नव्या गाडीच्या किमतीतून वयानुसार घसारा वजा करून तो काढतात. तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के घसारा लागतो. नवी किंमत ६,००,००० असेल तर आयडीव्ही ३,६०,००० येते. हप्ता कमी दिसावा म्हणून कोणी ती २,८०,००० लिहिली, तर तुमचे वर्षाला हजार-बाराशे रुपये वाचतील. पण गाडी चोरीला गेली तर ८०,००० रुपये कमी हाती येतील. गाडीवर कर्ज असेल तर मिळणारी रक्कम आधी बँकेकडे जाते. म्हणून दरवर्षी दोन आकडे शेजारी शेजारी लिहा : आयडीव्ही किती आणि कर्ज किती उरले. कर्ज जास्त असेल, तर गाडी गेल्यावरही हप्ते चालू राहतील.

दुसरी, घसारा. दुरुस्तीचे पूर्ण बिल कंपनी देत नाही. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार कापला जातो, तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के. काचेवर काही कापत नाहीत.

तिसरी, मालवाहू गाड्यांपुरती असलेली एक अट. ती अनेकांना दाव्याच्या वेळीच कळते. मालवाहू गाडीच्या साध्या पॅकेज पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बंपर, बॉनेटच्या बाजूचे भाग आणि रंग यांचे नुकसान येत नाही. गाडी पूर्ण गेली तरच त्यांचा विचार होतो. हे भाग झाकायचे असतील तर 'आयएमटी २३' ही जोड घ्यावी लागते. त्यासाठी ओन डॅमेज हप्त्यावर १५ टक्के जादा द्यावे लागतात. धडक समोरून बसली की आधी काय फुटते? दिवे आणि बंपर. म्हणजे सर्वांत आधी जे फुटते तेच पॉलिसीबाहेर असते.

एक उदाहरण घेऊ. सव्वातीन वर्षांची गाडी कुम्हारीजवळ रात्री दुभाजकावर आदळली. आयएमटी २३ घेतलेले नाही. बिल असे आले :

धातूचे भाग ३०,००० : मिळतील २२,५००
प्लास्टिक व रबर १०,००० : मिळतील ५,०००
काच ४,००० : मिळतील ४,०००
मजुरी १२,००० : मिळतील १२,०००
दिवे व बंपर ८,००० : मिळतील ०

एकूण बिल ६४,०००. मिळणारे ४३,५००. त्यातून पॉलिसीत लिहिलेली सक्तीची वजावट आणखी जाते. म्हणजे विमा असूनही वीस हजारांच्या वर तुमच्या खिशातून गेले. याचा अर्थ विमा वाया गेला असा नाही. याचा अर्थ असा, की विम्याच्या शेजारी एक छोटी आपत्कालीन ठेवही लागते.

वर्षभर दावा केला नाही तर पुढच्या वर्षी ओन डॅमेज हप्त्यात सूट मिळते. ती २० टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जाते आणि एका दाव्याने शून्यावर येते. ओन डॅमेज हप्ता ६,००० असेल आणि सूट ३५ टक्क्यांवर आली असेल, तर तिची किंमत २,१०० रुपये होते. अशा वेळी दीड हजाराच्या दुरुस्तीसाठी दावा करणे घाट्याचे. आधी बेरीज-वजाबाकी करा, मग दाव्याचा अर्ज भरा.

तिसरा प्रश्न : गाडीतला माल

आता पुन्हा त्या मोटरीकडे येऊ. कुम्हारीजवळ गाडी आदळली तेव्हा मोटर खाली पडून फुटली. तिची किंमत १,८०,००० आणि तुमचे भाडे होते १२,०००. मिलवाला विचारतो, 'माझ्या मोटरीचे काय?'

तुम्ही पॅकेज पॉलिसी काढून दाखवता. पण तिच्यात मालाचा उल्लेखच नाही. गाडीचा विमा म्हणजे गाडीतल्या मालाचा विमा नव्हे. या पाठातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल, तर हे ठेवा.

मालाच्या विम्याचे दोन रस्ते आहेत. पहिला रस्ता मालाच्या मालकाचा : तो आपल्या मालाचा वाहतूक विमा काढतो. माल रस्त्याने जात असला तरी विमा कंपन्यांत तो 'मरीन' विभागात येतो, त्यामुळे नाव ऐकून गोंधळू नका. दुसरा रस्ता तुमचा : वाहून नेणारा म्हणून तुमच्यावर जी कायदेशीर जबाबदारी येते तिचा विमा, म्हणजे 'कॅरिअर्स लीगल लायबिलिटी'.

'मिलवाल्याचा विमा आहे, मग मला काय काळजी?' असे वाटेल. पण त्याची विमा कंपनी त्याला पैसे देते आणि मग त्याच्या वतीने तुमच्याकडे वसुलीला येऊ शकते. म्हणून त्याचा विमा असला तरी तुमची जबाबदारी आपोआप संपत नाही.

कायद्यात वाहतूकदाराला थोडा आधार आहे. कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, २००७ आणि त्याखालचे २०११ चे नियम यांनुसार, माल पाठवणाऱ्याने जास्त किंमत जाहीर करून जादा दर दिलेला नसेल, तर नोंदणीकृत वाहतूकदाराची जबाबदारी सामान्यतः भाड्याच्या दहापटीपर्यंत असते. वरच्या उदाहरणात १२,००० × १० = १,२०,०००. पण हा आधार नोंदणी आणि बिल्टी यांच्यावर उभा आहे. फोनवर ठरलेल्या आणि चिठ्ठीही न लिहिलेल्या भाड्यात तुम्ही कशाच्या आधारावर बोलणार? शिवाय सव्वा लाख म्हणजे अशा दहा खेपांचे पूर्ण भाडे. तेही डिझेल न काढता.

म्हणून तीन सवयी लावा. माल चढवण्याआधी बिल किंवा ई-वे बिल पाहा. पन्नास हजारांच्या वरच्या मालाला ते सहसा असतेच आणि त्यावर किंमत लिहिलेली असते. मालाचा विमा कोणाचा आहे, हे भाडे ठरवतानाच विचारा आणि उत्तर मोबाइलवर लेखी घ्या. आणि बिल्टीवर माल, किंमत, भाडे लिहून दोघांच्या सह्या घ्या. महिन्यातून चार-पाच वेळा महागडा माल नेत असाल तर जबाबदारीचा विमा काढाच. तो घेताना एका खेपेची मर्यादा किती, चोरी येते का, चढवताना-उतरवताना झालेले नुकसान येते का, हे विचारा. अमेरिकेतल्या हॉट शॉटवाल्याला दलाल सहसा मालाच्या विम्याचा कागद पाहूनच भाडे देतो. आपल्याकडेही जो हा कागद दाखवू शकतो, त्याला मोठ्या कारखान्यांची भाडी मिळणे सोपे जाते.

चौथा प्रश्न : मालक आणि ड्रायव्हर

पॉलिसीत मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. पण हे संरक्षण ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे, त्यानेच गाडी चालवताना लागू होते. अनेक घरांत कर्ज सोपे मिळावे म्हणून गाडी बायकोच्या नावावर घेतात आणि चालवतो नवरा. मग हे १५ लाख कोणाला? चालवणाऱ्या नवऱ्याला नाहीत. अशा घराने चालवणाऱ्यासाठी वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यावी.

पगारी ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याच्याबद्दलच्या कायदेशीर जबाबदारीची जोड माणशी ५० रुपयांच्या आसपास मिळते. पॉलिसीवर माणसे किती लिहिली आहेत आणि गाडीवर प्रत्यक्षात किती काम करतात, हे जुळवून पाहा.

याशिवाय बँक खात्यातून दोन सरकारी योजना घेता येतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना : वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला २ लाख. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना : वर्षाला ४३६ रुपये, प्रवेशाचे वय १८ ते ५०, कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास २ लाख. दोन्ही मिळून वर्षाचा खर्च एका छोट्या खेपेच्या भाड्याहून कमी आहे. ड्रायव्हरचा अर्जही तुम्ही स्वतः बसून भरून घ्या.

विमा आहे, तरीही दावा अडतो तो कुठे?

मागे बसलेली माणसे. गणपती विसर्जनाला गल्लीतली पोरे गाडीत बसून महादेव घाटावर निघतात. लग्नात वऱ्हाड बसते, शेताच्या कामाला मजूर बसतात. मालाच्या जागेत बसलेली ही माणसे पॉलिसीत नसतात. २००२ साली आशा राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशांची भरपाई देण्याची विमा कंपनीवर सक्ती नाही. मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मात्र चालतो. मे २०२४ मध्ये छत्तीसगडच्याच कबीरधाम जिल्ह्यात तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या मजुरांची पिकअप दरीत कोसळली आणि डझनाहून जास्त जीव गेले. मृतांत बहुतेक बाया होत्या. आधी तो माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे, पैशाचा नंतर. शेजाऱ्याला 'नाही' म्हणणे जड जाते. पण म्हणा. त्यांच्यासाठी बस किंवा जीप ठरवायला मदत करा.

लायसन्स. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले, की हलक्या वाहनाचे (एलएमव्ही) लायसन्स असलेला ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाची मालवाहू गाडीही चालवू शकतो, वेगळी नोंद लागत नाही. याच मुद्द्यावर अडवलेला दावा असेल तर हा निकाल दाखवा. पण लायसन्सची मुदत संपलेली नको. ड्रायव्हरच्या लायसन्सचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि मुदतीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहा.

परमिट. एकूण ३,००० किलोपर्यंत वजनाच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. छोटा हत्ती त्यात बसतो. मोठ्या पिकअपचे आरसी बुक पाहा, काही मॉडेलांचे वजन ही रेषा ओलांडते. परमिट लागत असून ते नसेल तर काय होते, हे २०१८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले : कंपनीने जखमीला भरपाई द्यावी आणि ती गाडीच्या मालकाकडून वसूल करावी. म्हणजे ते बत्तीस लाख फिरून तुमच्याच दारात येतात.

जादा वजन. दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००. शिवाय अपघातानंतर सर्व्हेअर मालाचे वजन विचारतोच.

खासगी नोंदणी. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाड्याने माल नेला तर दावा फेटाळला जाण्याचा धोका मोठा.

जुनी गाडी. विकत घेतलेल्या गाडीची पॉलिसी १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीकडे अर्ज करा. थर्ड पार्टी भाग गाडीबरोबर येतो, ओन डॅमेज भाग मात्र तुमच्या नावावर झाल्याशिवाय उपयोगाचा नाही.

न वटलेला चेक. हप्ता पोचल्याशिवाय विमा सुरू होत नाही. एजंटला रोख देऊन निश्चिंत राहू नका. कंपनीची पावती आणि पॉलिसी क्रमांक त्याच दिवशी तपासा.

हप्त्याची तजवीज

विमा एकरकमी भरावा लागतो, म्हणून तो चुकतो. नूतनीकरणाच्या आठवड्यात हातात पैसे नसतात आणि माणूस म्हणतो, 'सध्या फक्त थर्ड पार्टी करू.' यावर उपाय रोजच्या हिशेबात आहे.

समजा, कर, जोडी आणि अपघात विमा धरून पॅकेज पॉलिसी २६,००० रुपयांची आणि मालाच्या जबाबदारीचा विमा ६,००० रुपयांचा. एकूण ३२,०००. महिन्याला २६ दिवस गाडी चालते, म्हणजे वर्षाला ३१२ दिवस. रोज १०५ रुपये बाजूला काढले तर वर्षाअखेर ३२,७६० होतात. चहा आणि डिझेल यांच्याइतकाच हा रोजचा खर्च धरा आणि भाडे सांगतानाच तो त्यात मिळवा. आवर्ती ठेव काढून नूतनीकरणाच्या महिन्याआधी ती पिकेल अशी मुदत घ्या. घसारा आणि वजावट यांच्यासाठी आणखी २५,००० रुपये वेगळ्या बचत खात्यात ठेवा. तो पैसा सणासुदीला मोडू नका.

अपघात झालाच तर

आधी जखमींना मदत. मग पोलिसांना खबर. गाडी हलवण्याआधी फोटो, विमा कंपनीला त्याच दिवशी फोन. सर्व्हेअर येईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नका. मालाच्या मालकालाही लगेच कळवा. मालाची अवस्था त्याच्यासमोर लिहून घ्या. जागेवर कोणाशी कोऱ्या कागदावर तडजोड करू नका आणि दाव्याच्या अर्जात खरेच लिहा. गाडी भाच्याने चालवली असेल तर भाच्याचेच नाव लिहा. एका खोट्या नावाने खरा दावाही बुडतो.

कंपनीने दावा नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. एक महिन्यात समाधान झाले नाही तर आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' यंत्रणेकडे १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. विमा लोकपालाकडेही जाता येते. छत्तीसगडसाठी लोकपालाचे कार्यालय भोपाळला आहे. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही आणि एकल मालकीच्या धंद्याची तक्रारही घेतली जाते. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

स्वाध्याय

आज संध्याकाळी गाडीतली पॉलिसी घरी आणा, घरच्यांना सोबत बसवा आणि वहीत उत्तरे लिहा :

१. पॉलिसी पॅकेज आहे की फक्त थर्ड पार्टी? मुदत कधी संपते?
२. आयडीव्ही किती? कर्ज किती बाकी आहे?
३. आयएमटी २३ घेतले आहे का?
४. गेल्या महिन्यात नेलेला सर्वांत महाग माल किती किमतीचा होता? तो फुटला असता तर कोणी भरला असता?
५. गाडी कोणाच्या नावावर आहे आणि चालवतो कोण?
६. नूतनीकरणासाठी आजपर्यंत किती रक्कम बाजूला पडली आहे?

ज्या प्रश्नापुढची जागा कोरी राहील, तिथे कुंपणाला भगदाड आहे असे समजा. एजंटला उद्या फोन करताना वही समोर ठेवा आणि त्या कोऱ्या जागेपासून बोलायला सुरुवात करा. पुढचा रात्रीचा फोन येईल, तेव्हा गाडी काढण्याआधी एक प्रश्न विचारायची सवय लागू द्या : 'माल कितीचा आहे, आणि त्याचा विमा कोणाचा?'